गुन्हेगाराला चेहरा कसा द्यावा?

(गणेशोत्सवातील कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजचा विषय फलकावर लागला तेव्हा दोन-तीन काकांनी मला बाजारात गाठून विचारले, "अहो, बाप्पासमोर खून-दरोडे कशाला? एखादा चांगला विषय नव्हता का?" त्यांचा प्रश्न मला आवडला. माझ्या भाषणाचा अर्धा भाग म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे. आपला गणपती चौदा विद्या आणि चौसष्ट कलांचा अधिपती. त्यात चित्र आले, लेखन आले. चित्र आणि लेखन एकत्र येऊन गुन्ह्याची गोष्ट सांगू लागले की काय होते आणि काय होऊ नये, हे आज आपण पाहू.

मी साहित्यिक नाही. सिव्हिलचा डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि रुळांच्या देखभालीत वय चाळिशीपलीकडे गेले. पण रेषा ओढण्याची सवय डिप्लोमाने लावली. प्लॅन, एलिव्हेशन, सेक्शन आणि कोपऱ्यात स्केल. चित्रकथांचा नाद मात्र त्याही आधीचा. टाइम्स ऑफ इंडिया समूहाची इंद्रजाल कॉमिक्स १९६४ साली सुरू झाली आणि १९९० साली बंद पडली. शेवटच्या काही वर्षांचे अंक आणि थोरल्या भावंडांनी जपलेले जुने अंक हे माझ्या पिढीचे धन. वेताळ आणि मँड्रेक परदेशातले. पण आबिद सुरतींनी १९७६ साली आणलेला आणि गोविंद ब्राह्मणियांनी रेखाटलेला बहादूर आपल्या मातीतला होता. डाकूचा मुलगा, आणि गावकऱ्यांना घेऊन डाकूंशी लढणारा. बापावरून मुलाची परीक्षा करू नये हे तेव्हा आम्हाला कोणी शिकवले नव्हते, बहादूरने शिकवले.

आता आपण राहतो खरगपूरला, म्हणजे गुप्तहेरांच्या प्रदेशात. बंगालमध्ये घरटी एक तरी माणूस फेलूदा किंवा ब्योमकेश वाचलेला सापडतो. आपल्याकडे जसे दिवाळी अंक तसे यांच्याकडे पूजावार्षिक अंक, आणि त्यात नवी रहस्यकथा हवीच. ब्योमकेश बक्षी १९३२ साली जन्मला. त्याचे जनक शरदिंदु बंद्योपाध्याय पुढे मुंबईच्या चित्रपटसृष्टीत आले आणि १९५२ पासून पुण्यात राहिले. म्हणजे ब्योमकेशच्या कित्येक कथा पुण्यात बसून लिहिल्या गेल्या! आपण बंगालमध्ये राहणारे मराठी, ते महाराष्ट्रात राहणारे बंगाली. हिशेब चुकता झाला असे समजायला हरकत नाही.

फेलूदा सत्यजित राय यांचा, १९६५ सालचा. राय स्वतः उत्तम चित्रकार, त्यामुळे कथेबरोबरची चित्रे त्यांचीच. 'बाक्शो रहस्य' ही त्यांची कथा रेल्वेवाल्यांनी तरी वाचायलाच हवी. कालका मेलच्या, म्हणजे २०२१ पासूनच्या नेताजी एक्स्प्रेसच्या, फर्स्ट क्लासमध्ये दोन प्रवाशांच्या बॅगांची अदलाबदल होते आणि तिथून गोष्ट सुटते. पुढे सुभद्रा सेनगुप्ता यांनी शब्द लिहून आणि तापस गुहा यांनी चित्रे काढून फेलूदाच्या कथा इंग्रजीत चित्ररूपाने आणल्या.

मंडळी, लिहिलेली रहस्यकथा आणि काढलेली रहस्यकथा यांत फरक काय? लेखकाला लपवणे सोपे असते. "खोलीत पाच माणसे होती" एवढे लिहिले की झाले. कोणाच्या बुटाला चिखल होता हे त्याने सांगितले नाही तर आपल्याला कळत नाही. चित्रकाराला ही सोय नाही. पाच माणसे काढायची तर दहा बूट काढावे लागतात! चिखल असेल तर तो दिसलाच पाहिजे, नाहीतर शेवटी वाचक म्हणेल की तुम्ही फसवलेत. म्हणून चांगली चित्रमय गुन्हेकथा पुरावा उघड्यावर ठेवते, पण अशा जागी की नजर तिथे थांबू नये.

गाडी रुळावरून घसरली की आपण काय करतो? क्रेनने डबा उचलण्याआधी मोजमाप घेतो, स्केच काढतो, चाक रुळावर नेमके कुठे चढले ती खूण शोधतो. मग सगळ्या विभागांचे सुपरवायझर मिळून जॉइंट नोट लिहितात. जॉइंट नोट ही आपली रेल्वेची रहस्यकथाच! लेखक चार-पाच, आणि प्रत्येकाचा गुन्हेगार दुसऱ्या खात्यातला. (हशा) पण भांडण कितीही झाले तरी स्केचवरची खूण कोणाला पुसता येत नाही. चित्राची ताकद ती.

आता एक खरी घटना सांगतो. ती आपल्या याच राज्यातली आहे, आणि तिची चित्रकादंबरी कशी करावी याचा आराखडा मी वहीत मांडून पाहिला आहे.

साल १८९७. जलपाईगुडी जिल्ह्यात, भूतानच्या सीमेजवळ एका चहामळ्याचा मॅनेजर आपल्या बिछान्यात गळा चिरलेल्या अवस्थेत सापडला. कागदपत्रांची पेटी आणि तिजोरी फोडलेली, काहीशे रुपये गेलेले. संशय कोणावर? मॅनेजर कामाला कडक, म्हणून मळ्यातल्या मजुरांवर. स्वयंपाक्याच्या कपड्यांवर रक्ताचे डाग, म्हणून स्वयंपाक्यावर. मॅनेजरचे एका बाईशी संबंध होते, म्हणून तिच्या नातेवाइकांवर. आणि जवळच काबुली लोकांचा तांडा उतरला होता, म्हणून त्यांच्यावरही. शिवाय एक जुना नोकर होता, कांगाली चरण. मॅनेजरने त्याला चोरीबद्दल तुरुंगात धाडले होते. तो सुटला होता, पण त्या भागात त्याला कोणी पाहिलेले नव्हते.

स्वयंपाक्याने सांगितले की डाग कबुतराच्या रक्ताचे आहेत, साहेबांच्या जेवणासाठी कबुतर कापले होते. रासायनिक तपासणीने त्याच्या म्हणण्याला दुजोरा दिला. मजूर, नातेवाईक, काबुली यांच्याविरुद्ध काहीच मिळाले नाही. मात्र पेटीतल्या कागदांत फिकट निळ्या वेष्टनाची एक बंगाली पंजिका, म्हणजे आपले पंचांग, होती आणि तिच्यावर दोन पुसट तपकिरी डाग होते. भिंगाखाली पाहिल्यावर एका डागात बोटाच्या रेषा दिसल्या.

त्याच वर्षी कलकत्त्यात बोटांच्या ठशांचे कार्यालय सुरू झाले होते. अशा प्रकारचे ते जगातले पहिले मानले जाते. पोलीस महानिरीक्षक एडवर्ड हेन्री यांच्या हाताखाली काझी अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांनी ठशांचे वर्गीकरण बसवले होते. १०२४ खाने, आणि कुठलाही ठसा नेमक्या खान्यात. पंजिकेवरचा ठसा कांगाली चरणच्या उजव्या अंगठ्याशी जुळला. त्याला शेकडो मैल दूर बीरभूम जिल्ह्यात पकडले. लंडनच्या स्कॉटलंड यार्डात असे कार्यालय निघायला १९०१ साल उजाडले.

गोष्ट इथे संपत नाही. १८९८ साली खटला चालला. चोरीचा आरोप सिद्ध झाला आणि शिक्षा झाली. पण खुनाबद्दल असेसरांनी मत दिले की खून होताना कोणी पाहिलेले नाही, तेव्हा त्याला खुनी ठरवणे सुरक्षित नाही. अपिलातही तोच निकाल कायम राहिला.

आता चित्रकार म्हणून पेन्सिल हातात घ्या. अंधारी खोली, बिछाना, उगारलेला चाकू. तो हात कोणाचा काढणार? कांगाली चरणचा चेहरा काढलात तर कोर्टाने जो निवाडा द्यायला नकार दिला तो तुम्ही एका चौकटीत देऊन मोकळे झालात. लेखक "कदाचित" हा शब्द लिहू शकतो. चित्रात "कदाचित" काढता येत नाही. काढला की तो माणूस तिथे होताच.

मार्ग आहे, आणि तो दोन चौकटींमधल्या मोकळ्या जागेत आहे. स्कॉट मॅक्‌क्लाउड या अमेरिकन चित्रकाराने १९९३ च्या आपल्या पुस्तकात हे फार छान समजावले आहे. एका चौकटीत कुऱ्हाड उगारलेली, पुढच्या चौकटीत रात्रीचे शहर आणि एक किंकाळी. घाव कुठेच काढलेला नाही. तो वाचकाने आपल्या मनात घातला. माझ्या आराखड्यात पहिल्या चौकटीत बंगल्याच्या खिडकीत कंदील आहे, दुसऱ्या चौकटीत पहाटेचा बंगला आणि दारात उभा स्वयंपाकी. मधल्या कोऱ्या पट्टीत काय घडले ते कोणी पाहिले नाही, आणि आपणही पाहिल्याचे नाटक करायचे नाही.

दुसरा प्रश्न अधिक अवघड आहे. गुन्हेगाराला चेहरा कसा द्यायचा? चित्रकथेची जुनी खोड अशी की दुष्ट माणूस पहिल्याच चौकटीत ओळखू यावा. अमेरिकेत १९३१ साली चेस्टर गूल्ड यांनी डिक ट्रेसी हा पोलीस नायक वर्तमानपत्रात आणला. चित्रे जोरकस, पण खलनायक पाहावेत तर कोणाचे डोके चपटे, कोणाचे तोंड सुरकुतलेले. गंमत म्हणून ठीक. पण याच समजुतीला एकेकाळी शास्त्र म्हणत असत! इटलीच्या लोंब्रोसो यांनी १८७६ साली ग्रंथ लिहिला की जन्मजात गुन्हेगार कवटी आणि चेहऱ्यावरून ओळखता येतो. आपल्याकडे इंग्रजांनी १८७१ साली कायदा करून जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो डाग कायद्याने पुसायला १९५२ साल उजाडावे लागले, आणि लोकांच्या मनातून तो पुरता गेला असे कोण म्हणेल?

म्हणून मला जलपाईगुडीची गोष्ट महत्त्वाची वाटते. संशय गेला मजुरांवर, परक्या मुलखातून आलेल्या काबुलींवर, स्वयंपाक्यावर. सगळे चेहऱ्यावरून, पेशावरून, भाषेवरून. उत्तर मिळाले अंगठ्यावरून, आणि अंगठ्याला जात, भाषा, प्रांत काही नसते. चित्रकाराने सगळ्या संशयितांचे चेहरे सारख्याच मायेने काढावेत.

आता काकांच्या प्रश्नाकडे येतो. अशा गोष्टींनी मुले बिघडतात का? हा वाद जुना आहे. अमेरिकेत १९४२ साली 'क्राइम डज नॉट पे' नावाचे मासिक निघाले. गुन्हा पचत नाही, असा बोध. पण मुखपृष्ठावर 'क्राइम' हा शब्द प्रचंड आणि 'पचत नाही' बारीक! पाठोपाठ असल्या मासिकांचे पीक आले आणि रक्ताचा चिखल झाला. डॉ. फ्रेडरिक वर्थम हे मनोविकारतज्ज्ञ. हार्लेममधील गरिबांसाठी दवाखाना चालवणारा हा भला माणूस. त्यांनी १९५४ साली पुस्तक लिहून बालगुन्हेगारीचा दोष कॉमिक्सवर ठेवला. त्याच एप्रिलमध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली. विल्यम गेन्स या प्रकाशकासमोर त्याच्याच मासिकाचे मुखपृष्ठ धरले गेले. एका हातात कुऱ्हाड, दुसऱ्या हातात बाईचे तोडलेले डोके. यात वाईट अभिरुची नाही का, असे विचारल्यावर भयकथेच्या मुखपृष्ठाला हे शोभते, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिले आणि बाजी गेली. घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःच आचारसंहिता केली. पोलिसांविषयी अनादर वाटेल असे काही नको, शेवटी चांगल्याचाच जय हवा, 'क्राइम' शब्द मुखपृष्ठावर मोठा नको. ही संहिता २०११ पर्यंत कशीबशी टिकली. इंग्लंडने १९५५ साली कायदा केला आणि १९५६ साली आपल्या संसदेनेही तरुणांना घातक प्रकाशनांविरुद्ध कायदा केला. त्यात तरुण व्यक्ती म्हणजे वीस वर्षांखालील, आणि शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद.

पुढे काय झाले? २०१२ साली कॅरोल टिली या संशोधिकेने वर्थम यांची मूळ टिपणे तपासून दाखवले की त्यांनी मुलांची विधाने आपल्या सोयीने जोडली-तोडली होती. म्हणजे गुन्हेकथेवर खटला भरणाऱ्यानेच पुराव्यात फेरफार केला होता! तरीही मी काकांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करतो. गेन्सचे ते मुखपृष्ठ मीही आपल्या मुलांच्या हातात देणार नाही. तोडलेले डोके दाखवायला कौशल्य लागत नाही. पंजिकेवरचा डाग दाखवायला लागते.

ज्यांना प्रत्यक्ष करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी थोडा कामाचा भाग सांगतो. छपाई फर्म्याच्या हिशेबाने होते, म्हणून पाने सोळाच्या पटीत धरा. नवशिक्याला बत्तीस पुरे. आधी साधे कागद दुमडून डमी बनवा. पुस्तकात सम आकड्याचे पान डाव्या हाताला येते, आणि ते पान उलटल्यावरच दिसते; म्हणून धक्का नेहमी सम पानाच्या पहिल्या चौकटीत. माझ्या आराखड्यात पंजिका पान ५ वर एका कोपऱ्यात कागदांत पडली आहे आणि अंगठा जुळतो पान २२ वर. घटनास्थळाचा नकाशा आधी काढा आणि भिंतीवर लावा, नाहीतर खिडकी एका चौकटीत डावीकडे आणि दुसरीत उजवीकडे जाते. चित्र छापायच्या आकाराच्या दीडपट काढा, म्हणजे लहान करताना रेषा नीटस होतात. संवादाच्या फुग्याची जागा आधी सोडा. आपल्या लिपीला वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार असल्यामुळे इंग्रजीपेक्षा दोन ओळींत जास्त अंतर लागते. आधी बोलणारा डावीकडे. पहिले पुस्तक काळ्या शाईतच करा. चार रंगांच्या चार प्लेटा म्हणजे खर्च वाढला.

दुसऱ्याची कथा घेतलीत तर परवानगी हवी. आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क राहतो. शरदिंदुबाबू १९७० साली गेले, तेव्हा ब्योमकेशला २०३० संपेपर्यंत परवानगीशिवाय हात लावता येणार नाही. कॉनन डॉईल १९३० साली गेले, तेव्हा शेरलॉक होम्स मोकळा आहे. आणि खरी घटना घेतलीत तर खरे किती आणि कल्पना किती ते शेवटी छापा. अ‍ॅलन मूर आणि एडी कॅम्पबेल यांनी लंडनच्या जॅक द रिपरवर 'फ्रॉम हेल' ही मोठी चित्रकादंबरी केली. तिच्या परिशिष्टात मूर यांनी पानागणिक सांगितले आहे की हे कागदपत्रांत आहे आणि हे माझ्या डोक्यातले. जलपाईगुडीच्या बंगल्याचा नकाशा माझ्या कल्पनेचा असेल, आणि तसे मी लिहीन.

आता शेवटचे आणि माझ्या मते आजचे मुख्य. आपल्या कॉलनीतल्या एका नववीतल्या मुलीने गेल्या वर्षी स्मरणिकेसाठी सहा पानांची चित्रकथा दिली होती. समितीने ती बाजूला ठेवली, कारण तिच्यात सिग्नलच्या केबलची चोरी आणि रखवालदाराचा खून आहे. विघ्नहर्त्याच्या अंकात खून नको, असे ठरले. त्यांचा हेतू चांगलाच होता. तिच्या आई-वडिलांची परवानगी घेऊन मी ती कथा थोडक्यात सांगतो.

चोरीनंतर सगळे बोट दाखवतात एका नव्या कंत्राटी मजुराकडे. तो दुसऱ्या राज्यातला, त्याची भाषा कोणाला येत नाही. त्या मुलीने काय केले आहे पाहा. पाच पाने त्याच्या संवादाचा फुगा कोरा आहे. तो बोलतो, पण कोणाला ऐकू जात नाही. खून तिने काढलेलाच नाही. रुळाच्या खडीवर पडलेली, अजून जळत असलेली बॅटरी काढली आहे, बस्स. पाचव्या पानावर कथेतल्या मुलीला आठवते की चहाच्या टपरीवर एका सायकलचे कॅरियर केबलच्या पट्टीने बांधलेले होते. मी पाने मागे उलटली. पहिल्या पानावर टपरीच्या मागे सायकल उभी आहे आणि ती पट्टी आहे! सहाव्या पानावर त्या मजुराला कोणीतरी पहिल्यांदा विचारते, आणि त्याच्या फुग्यात अक्षरे येतात. फक्त त्याचे नाव. कथा संपली.

मंडळी, ही मुले रेल्वे कॉलनीत वाढतात. रुळांवर काय काय घडते ते त्यांना आपण न सांगताही कळते. आपल्यापैकी अनेकांचे वडील-आजोबा इथे उतरले तेव्हा त्यांचेही फुगे कोरेच होते. मराठी कोणाला येत नव्हती, बंगाली आपल्याला येत नव्हती. बाजारात पाकीट हरवले तर पहिली नजर कोणाकडे वळत असेल हे ज्येष्ठांना विचारा. त्या नववीतल्या मुलीला हे कोणी सांगितले नव्हते. तिने ते पाहिले आणि काढले.

माझी समितीला नम्र विनंती आहे की ती सहा पाने यंदा छापावीत. काळ्या शाईत, जाहिरातींच्या आधी. दोन-चार काना-मात्रा सुधारायच्या आहेत, ते काम माझ्याकडे द्या. आणि पुढच्या वर्षी कॉलनीतल्या मुलांसाठी चित्रकथेची स्पर्धा ठेवा. कागद आणि पेनांचा खर्च मी करतो. नियम दोनच असावेत: पुरावा वाचकाला आधी दिसला पाहिजे, आणि चेहरा बघून गुन्हेगार ओळखू येता कामा नये.

ब्योमकेश स्वतःला गुप्तहेर म्हणवून घेत नसे. तो स्वतःला सत्यान्वेषी म्हणे, सत्य शोधणारा. बुद्धीच्या देवतेसमोर सत्याचा शोध घेणारी गोष्ट सांगितली तर बाप्पा रागावेल असे मला वाटत नाही. काकांनाही आता वाटत नसेल अशी आशा करतो.

 आरतीची वेळ झाली आहे.

गणपती बाप्पा मोरया!